तीन निळे बाटले आणि एक बरणी

आग विझवायचा लाल बाटला कशासाठी असतो, हा प्रश्न मी आमच्या किनाऱ्यावर जिथे जिथे विचारला तिथे मला वेगळं उत्तर मिळालं. चौलच्या एका वाडीतल्या होमस्टेत तो दार वाऱ्याने आपटू नये म्हणून होता. अलिबागच्या रस्त्यावरच्या एका जेवणघरात त्याच्या नळीवर पाहुण्यांच्या ओल्या चड्ड्या वाळत होत्या. आणखी एका ठिकाणी मालक म्हणाला, "आहे ना, आपल्याकडे सगळं आहे," आणि माळ्यावरून काढून दाखवायला निघाला. माळ्यावर चढायला शिडी शेजारच्या घरून आणावी लागली. मी विचारलं, आग लागली तर शिडी कोण आणणार? तो म्हणाला, शेजारी चांगला आहे.

वाळूच्या बादल्यांबद्दल तर बोलूच नये. समुद्राकाठी राहून वाळूची बादली भरून ठेवणं ही काही अवघड गोष्ट नाही, आणि लोकांनी ती भरलीही होती. फक्त त्या वाळूचा उपयोग गावातल्या मांजरांनी आपल्या पद्धतीने ठरवून टाकला होता.

मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते आणि गावातल्या आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाची पत्रकं लिहीत होते. नळाच्या पाण्यावर पत्रक, किनाऱ्यावरच्या कचऱ्यावर पत्रक, रस्त्यातल्या खड्ड्यांवर तर मालिकाच. पत्रकं लिहिणाऱ्याला एक खोड लागते. कुठलीही गोष्ट सांगून झाली की शेवटी 'याला जबाबदार कोण?' असं म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. घरात दूध उतू गेलं तरी मी ते म्हणायची. आई म्हणायची, तू, कारण तुला बघायला सांगितलं होतं.

तर त्या फेरीनंतर संतापून मी आगीवर पत्रक काढलं. दोन्ही बाजूंनी छापलेलं, मागच्या बाजूला मोठा तक्ता: कुठला बाटला कुठल्या आगीवर चालतो, कुठल्या आगीवर चालत नाही, वजनाला कसा, मागे घाण किती करतो. तो तक्ता मी जीव ओतून केला होता. मावशीने पत्रकांचा एक गठ्ठा आनंदाने ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी बघते तर तळलेल्या बोंबलांचं तेल निथळायला माझा तक्ता ताटात पसरलेला.

"कागद चांगला हाय गो," मावशी म्हणाली. "शोषतो."

ही माझ्या आईची थोरली बहीण. थळच्या बाजूच्या कोळीवाड्यात तिचं घर, घराच्या पुढच्या पडवीत खानावळ. काकांची, म्हणजे तिच्या यजमानांची, स्वतःची होडी. मी अर्धी त्याच घरात वाढले, त्यामुळे मोहीम कुठून सुरू करायची हे ठरवायला वेळ लागला नाही. जिच्या घरात आपण जेवतो तिच्याच स्वयंपाकघरात आग विझवायला काही नाही, आणि आपण त्या माळ्यावाल्या माणसाला शिडीवरून बोलतो, हे काही बरं दिसत नव्हतं.

मावशी नाही म्हणाली नाही. तिने फक्त एक अट घातली, आणि या साऱ्या प्रकरणात खरं पणाला लागलेलं काही असेल तर ती अट होती.

मावशीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक फळी आहे. त्या फळीवर चिनी मातीची मोठी बरणी असायची आणि त्या बरणीत वर्षाचा मसाला. मे महिन्यात अंगणभर मिरच्या वाळायच्या, मग धणे, तीळ, खसखस आणि मावशी कोणाला सांगत नाही ते सगळं भाजून डंकावर कुटून आणायचं, बरणीत हाताने दाबून भरायचं, वर हिंगाचा खडा आणि तोंडाला फडकं. जूनमध्ये पाऊस लागला की पुढे मिरची वाळत नाही. म्हणजे बरणीत जे आहे त्यावरच पुढचा मे गाठायचा. खानावळीत लोक येतात ते त्या बरणीसाठी, पापलेट काय सगळीकडे मिळतं. एका वर्षी मसाला लवकर संपला आणि मावशीने बाजारच्या पुड्यांवर काही दिवस ढकलले. रोज जेवायला येणाऱ्या एका माणसाने पहिल्याच घासाला वाटी बाजूला सरकवली आणि काळजीने विचारलं, "मावशी, तब्येत बरी नाही का?" ते वाक्य मावशी अजून विसरलेली नाही.

"कुठलाबी बाटला लाव," ती मला म्हणाली. "पण त्यातला एक कण माझ्या मसाल्यात गेला, तर बाटल्याच्या खिळ्याला मी तुला टांगीन."

आता सामान्य माणूस इथे थांबला असता. मी तर तक्ता केला होता. मी ठरवलं की मावशीसाठी योग्य बाटला कुठला हे सगळ्या गावासमोर, प्रत्यक्ष आग लावून दाखवायचं. अलिबागच्या एका दुकानदाराकडून मुदत संपत आलेले बाटले मिळवले आणि मे महिन्यातल्या एका सकाळी किनाऱ्यावर पत्र्याच्या पराती मांडल्या. बायका जमल्या. काही खरंच बघायला आल्या होत्या, काही मी भाजते का ते बघायला.

पहिल्या परातीत नारळाची सोडणं पेटवली आणि पाण्याचा बाटला मारला. विझली. "ह्याला बाटला कशाला," मागून आवाज आला, "हंडा हाय की." मी सांगितलं की लाकूड, कागद, कपडा यांना पाणी उत्तम, पण पेटत्या तेलावर पाणी टाकलं तर तेल उडून माणूस पेटतो आणि विजेवर टाकलं तर झटका बसतो. दुसऱ्या परातीत थोडं डिझेल पेटवून फोम मारला. साबणाच्या फेसासारखं पसरलं, आग खाली दबली. हा बायकांना आवडला. एकीने विचारलं, याने चादरी धुतल्या तर चालतात का?

तिसऱ्या परातीवर कार्बन डायऑक्साइड. हा माझा लाडका. मागे काही घाण नाही, पावडर नाही, पाणी नाही, विजेच्या मीटरवर, फ्रीजवर बिनधास्त मारा. फक्त जड असतो, आणि त्याच्या काळ्या भोंग्याला उघड्या हाताने धरायचं नाही, बर्फासारखा गार होऊन कातडी चिकटते. मी सगळं सांगितलं, मूठ दाबली, आणि समुद्रावरून आलेल्या वाऱ्याने तो वायू परातीपर्यंत पोचायच्या आधीच उचलून नेला. आग आपली जळतच राहिली. बंद खोलीतला हा बाटला, किनाऱ्यावर आणायलाच नको होता.

"ह्यो तर नुसता फुसफुसतो," एक म्हातारी म्हणाली. "आमच्या ह्यांच्यासारखा."

बायका इतक्या हसल्या की माझं भाषण तिथेच तुटलं. म्हणून मी चौथा बाटला जरा जोरातच मारला. कोरड्या पावडरीचा, दुकानदार ज्याला एबीसी म्हणतात तो. पत्रकातला नियम: वारा पाठीशी घ्या. मी घेतला. समुद्राकडे पाठ, गावाकडे तोंड. आग एका क्षणात गप्प झाली, अगदी चित्रात दाखवतात तशी. आणि पांढरा ढग वाऱ्याबरोबर पुढे निघाला, सावकाश, डौलात, आणि पलीकडे वाळत घातलेल्या जवळ्यावर जाऊन बसला.

ज्यांनी वाळता जवळा पाहिला नाही त्यांना सांगते: ही बारीक कोळंबी, नखाएवढीही नाही, जमिनीवर जाळी पसरून वाळवतात. प्रत्येक दाण्याला वेगळी पावडर लागते.

"नियमाप्रमाणे वारा पाठीशीच होता," मी म्हणाले.

"तुझ्या पाठीशी व्हता," जवळावाली काकू म्हणाली. "माझ्या तोंडावर व्हता."

तो जवळा शेवटी आमच्याच दारात आला. मांजरांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. काकांनी विचारलं, "ह्यात असतं तरी काय?" मी सांगितलं, मुख्यतः अमोनियम फॉस्फेट. ज्या गावाच्या बाजूला खताचा एवढा मोठा कारखाना आहे, तिथे हे शब्द कोणाला नवे नाहीत.

"म्हंजे खतच की," काका म्हणाले आणि टोपली उचलून माडाच्या आळ्यात रिकामी केली.

तेव्हा, प्रात्यक्षिकाचा निष्कर्ष असा. एबीसी पावडर हा सगळ्यात कामाचा बाटला आहे, हे मी आजही म्हणते. लाकूड, डिझेल, वीज, जवळजवळ सगळ्यावर चालतो आणि कुठेही मिळतो. पण बंद स्वयंपाकघरात तो मारला की दिसत काही नाही, श्वास घेववत नाही, आणि ती पावडर डब्यांच्या झाकणांतून, फडक्यांतून, कुठून कुठून आत जाते. शिवाय कढईतलं तेल त्याने विझलं तरी तेल गरमच असतं, पुन्हा भडकू शकतं. दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, एबीसी घ्या आणि विसरून जा. सगळ्यावर चालतो."

"मसाल्यावर चालतो का?"

त्याने बाटला फिरवून चिठ्ठी वाचायला घेतली.

शेवटी मी आमच्या गटाच्या मागे लागून तीन बाटले आणले. एक एबीसी, तो मागच्या शेडसाठी, जिथे काकांची जाळी, दोर आणि डिझेलचे कॅन असतात. एक कार्बन डायऑक्साइडचा, तो मीटर आणि मोठ्या फ्रीजपाशी. आणि तिसरा, ज्यासाठी दुकानदाराने मुंबईला फोन केला, तो खास स्वयंपाकघराचा: आत ओलं रसायन, ते गरम तेलावर पडलं की साबणासारखा थर धरतं, तेल झाकून टाकतं आणि थंडही करतं. सौम्य फवारा, ढग नाही, बरणीला धोका नाही. तो मी फळीच्या विरुद्ध बाजूला, दाराजवळ टांगला. प्रत्येकाच्या पोटावर छापील चिठ्ठी होती, कुठला कशाला. मी मावशीला वाचून दाखवलं. काकांनाही वाचून दाखवलं. काका जाळं विणत होते आणि हूं म्हणत होते.

आता पुढच्यासाठी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि मग होड्या पाण्यात. त्याआधी होडी रंगवतात. काकांची होडी निळी, कडेला पांढरा पट्टा, त्यावर पिवळी रेघ. आणि काकांना डब्यात उरलेला रंग बघवत नाही. त्या रंगात घराचं दार आहे, तुळस आहे, कोंबड्यांचं खुराडं आहे, पाण्याची टाकी आहे. एका वर्षी माझी सायकल होती. आमच्या कोळीवाड्यात कुठलं घर कोणाचं हे पाटीवरून नव्हे, होडीच्या रंगावरून ओळखतात.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी मी मावशीकडे पोचले. पाऊस जरा उघडला होता. अंगणात स्पीकरवर कोळीगीतं इतकी मोठ्याने लागली होती की कोंबड्या खुराड्याबाहेर यायला तयार नव्हत्या. मावशी नारळाच्या करंज्या तळत होती, परातीत कच्च्या करंज्यांचा ढीग, ताटात माझी पत्रकं आणि पत्रकांवर तळलेल्या करंज्या. दुपारी मुंबईहून रो-रो बोटीने एक मोठं कुटुंब जेवायला येणार होतं, त्या मोसमातलं पहिलं मोठं गिऱ्हाईक. मी आत पाऊल टाकलं आणि दाराजवळच्या खिळ्यावर नजर गेली.

बाटला निळा होता. मध्ये पांढरा पट्टा, त्यावर पिवळी रेघ.

मी धावत मीटरपाशी गेले. तिथलाही निळा, आणि त्याचा भोंगा पिवळा धमक. शेडमध्ये गेले. तिथला खिळा रिकामा.

"काका, हे काय केलंत?"

काका अंगणात बसून झेंडूच्या माळा ओवत होते. "गंज धरत व्हता गो. खारा वारा हाय, लोखंडाला रंग नको?"

"त्यावर चिठ्ठी होती. कुठला कशाला ते लिहिलं होतं."

"ती कोण वाचतो? आता बघ कसा आपल्या घरातला वाटतो."

"दाब दाखवायचा काटा असतो, त्याची काचसुद्धा रंगवलीत."

"काच तेवढी वायली दिसत व्हती."

"बरं, स्वयंपाकघरात टांगलाय तो कुठला? पावडरचा का ओला?"

काकांनी सुई थांबवून विचार केला. "असं हाय बघ. भोंगेवाला एक, त्यो मीटरपाशी, त्यो मी चुकवला न्हाय. बाकीचे दोघं भाऊ. सारखेच दिसतात. रंग सुकल्यावर एक हितं लावला, एक होडीवर नेला."

"होडीवर कशाला?"

"आज पूजा हाय. शोभतो."

मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. त्यात 'याला जबाबदार कोण?' हे दोनदा आलं आणि दोन्ही वेळा काकांनी प्रामाणिकपणे स्वतःकडे बोट दाखवलं. आवाज ऐकून मावशी झारा हातात घेऊन बाहेर आली. आमच्या घरात भांडण चाललंय आणि मावशी चुलीशी बसून राहिली, असं आजपर्यंत झालेलं नाही.

"काय झालं?"

"तुझ्या स्वयंपाकघरात कदाचित पावडरचा बाटला टांगलाय."

मावशी काकांकडे वळली. "अवो, तुम्हाला मी सांगितलं व्हतं ना, फक्त होडी?"

"रंग उरला."

"रंग उरला तर अंगाला लावा."

ते आणखी थोडं चाललं असतं. पण स्पीकरवरचं गाणं मध्ये क्षणभर थांबलं आणि त्या शांततेत आतून एक वेगळाच आवाज आला, जाड कापड झटकावं तसा. मावशीने गॅस मोठाच ठेवला होता. कढईतल्या तेलाने पेट घेतला होता.

आता, अशा वेळी काय करायचं ते पत्रकात मोठ्या अक्षरात आहे. गॅस बंद. झाकण घाला. पाणी नाही. गॅसचा बाटला मी भांडून भांडून घराबाहेर मागच्या भिंतीला ठेवायला लावला होता, तो बंद करायला काकांना पिटाळलं. झाकण शोधलं. कढईचं झाकण नव्हतं.

"झाकण कुठाय?"

भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. "त्यात पिवळा कालवला हाय."

ज्वाळा कढईच्या वर हातभर आल्या होत्या. मी दाराजवळचा बाटला काढला. आता हा कुठला? पावडरचा असेल तर वर्षाचा मसाला गेला, मावशीची खानावळ मे महिन्यापर्यंत पुड्यांवर आणि ते वाक्य रोज, "मावशी, तब्येत बरी नाही का?" ओला असेल तर काही प्रश्न नाही. चिठ्ठी रंगाखाली. काटा रंगाखाली. मग मला सुचलं की आत पाणी असेल तर वाजेल. मी तो बाटला कानाशी नेला आणि हलवला. बाहेर गाणं पुन्हा सुरू झालं होतं, ढोलासकट. मला फक्त ढोल ऐकू आला. मी पुन्हा हलवला.

"नारळ हाय का तो?" मावशी ओरडली.

"ऐकू दे मला, आत पाणी आहे का बघते."

मावशीने माझ्याकडे बघितलं, कढईकडे बघितलं, मग वळून दाराशीच्या फळीवरची बरणी उचलली. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, लेकराला घेतात तशी. उंबऱ्याबाहेर दोन पावलं गेली आणि तिथून म्हणाली, "आता मार काय मारायचं ते."

मी पिन ओढली आणि मूठ दाबली.

पावडर.

आग गेली. सगळंच गेलं, कढई, ओटा, भिंत, माझा हात. नुसतं पांढरं. मी खोकत मागे सरकले, आणि त्या पांढऱ्यातून केशरी जीभ पुन्हा वर आली, अगदी तक्त्याच्या सातव्या ओळीत लिहिलं आहे तशी. मी पुन्हा मारली. या वेळी गप्प बसली. काकांनी मागून येऊन गॅस बंद केल्याचं सांगितलं, खिडकी उघडली आणि आत डोकावले.

"भाऊ चुकला वाटतं," ते म्हणाले.

करंज्या पिठात घोळल्यासारख्या दिसत होत्या. हंडे, कळशा, डाळीचे डबे, देवाचं कॅलेंडर, सगळं एका रंगाचं. काकांनी इतकी वर्षं रंगकाम केलं, पण इतक्या कमी वेळात इतकं त्यांनाही कधी जमलं नव्हतं. त्याच वेळी अंगणात मुंबईचं कुटुंब येऊन उभं राहिलं. माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांच्यातल्या एका गृहस्थाने मला विचारलं, "शूटिंग चाललंय का?"

"स्वयंपाक चाललाय," मावशी म्हणाली. "बसा. उशीर हाय थोडा."

ती पडवीत खाली बसली होती, बरणी मांडीत. आणि तेव्हा आम्हा तिघांनाही एकाच वेळी दिसलं: बरणीच्या तोंडावरच्या फडक्याला पांढरा पट्टा होता.

मावशी बाहेर गेली तेव्हा मी मूठ दाबली नव्हती, हे मला माहीत होतं. पण खात्री? ढग दारातूनही बाहेर आला होता. मी म्हणाले की पांढरं दिसतंय तर नियमाप्रमाणे वरचा थर काढून टाकला पाहिजे. मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी रक्त मागितलं आहे. मग तिने फडकं हळूच सोडलं, उलटं करून बाजूला ठेवलं, डाव बुडवून वरचा थर काढला आणि काकांपुढे धरला. "माडाला घाला. तुमच्या माडाला सवय हाय." मग बोटाने आतून चिमूटभर मसाला काढला. तोही काकांपुढे.

"मी?"

"रंगवलंत कोणी? चाखा."

काकांनी जिभेवर ठेवला. डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय लागतो?"

"तिखट."

"तिखटच असतो तो. आनखी काय?"

"आनखी तिखट."

मावशीने मग स्वतः चिमूट घेतली. पाहुण्यांतल्या एका बाईंनी माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं की ही काही पूजा आहे का. मी गप्प बसा अशी खूण केली. मावशी बराच वेळ चव घोळवत राहिली. मग फडक्यावरचा पांढरा पट्टा बोटावर घेऊन चोळला, वास घेतला.

"मैदा हाय," ती म्हणाली. "माझ्याच हाताचा. करंज्यांचा." मग बरणीवर नवं फडकं बांधत, आमच्या कोणाकडेही न बघता म्हणाली, "माझाच हाय मसाला. काय झालेलं न्हाय."

काका खांबाला टेकून खाली बसले. मी नाकातली पावडर पुसायला म्हणून पदर शोधला आणि आठवलं की मी जीन्सवर आहे.

त्या दिवशी जेवण अंगणात तीन दगडांवर झालं, वर ताडपत्री बांधून. मध्ये दोन सरी आल्या, पाहुण्यांनी ताडपत्रीचे कोपरे धरले आणि मजा येते म्हणाले. खिडकीपलीकडच्या स्वयंपाकघराचे फोटो काढले. कालवणाची पहिली वाटी संपली तेव्हा तो शूटिंगवाला गृहस्थ वाटी पुढे करून म्हणाला, "अजून मिळेल का?" मावशीने वाढलं, आणि काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला म्हणाली, "तब्येत बरी हाय माझी."

संध्याकाळी होड्यांपाशी गेलो. खरा स्वयंपाकघराचा बाटला होडीच्या पुढच्या टोकाला उभा होता, झेंडूची माळ, हळदकुंकू, सगळं यथास्थित. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता खाली काढा, तो डिझेल इंजिनासाठी नाही. काका म्हणाले, समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडीवरचं काही उतरवत नाहीत. आम्ही थांबलो. नारळ दिला. मग त्यांनी बाटला उतरवून माझ्या हातात दिला आणि मी तो कानाशी नेऊन हलवला. आत पाणी छान वाजलं. शेजारच्या होडीवरच्या माणसाने मला विचारलं, "गोड हाय का?"

काकांनी पुढच्या आठवड्यात तिन्ही बाटल्यांवर स्वतःहून चित्रं काढली, कारण रंग अजून उरला होता. होडीवर आता नवा एबीसी आहे, त्यावर होडी. मीटरपाशी भोंगेवाला, त्यावर बल्ब. स्वयंपाकघरातल्यावर करंजी. त्याची काच खरवडून काटाही मोकळा केला. माझ्या तक्त्यापेक्षा ते जास्त कळतं, असं गावातल्या सगळ्यांचं मत पडलं. मी या मताशी सहमत नाही. करंजीवरून दाब किती आहे ते कळत नाही.

पत्रकाची नवी आवृत्ती काढली तेव्हा मी ती मावशीला वाचून दाखवली. आधी माणसं बाहेर, मग गॅस बंद, मग झाकण, आणि झाकणात रंग कालवू नये. तिने पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.

"बरणीचं कुठं लिवलंय?" तिने विचारलं.

मी म्हणाले, मावशी, आग लागल्यावर बरणी उचलायची नसते. पुन्हा असं करशील तर मी तुला टांगीन. जीव आधी. हे मी लिहिणार नाही म्हणजे नाही, हे लिहिलं तर लोक बरण्या काढायला पेटत्या घरात शिरतील.

तिने करंजीच्या चित्राकडे बघितलं. "मग बरणी आत ठेवूच नये, असं लिव."

ती ओळ छापली आहे, ठळक अक्षरांत, तक्त्याच्याही वर: वर्षाचा मसाला स्वयंपाकघरात ठेवू नका. मावशीची बरणी आता मधल्या खोलीत टीव्हीशेजारी असते. गावात फिरताना बघते, बऱ्याच घरांतल्या बरण्या बाहेर आल्या आहेत. बाटले अजून माळ्यावरच आहेत.